निर्वैर नावाचा जवान

आमची इंजिनिअर कंपनी त्या हिवाळ्यात उत्तर सिक्कीममध्ये होती. काम एकच: पोस्टकडे जाणारा रस्ता बर्फातून मोकळा ठेवायचा. मी तेव्हा नाईक होतो. आता निवृत्त होऊन केजच्या कॉलेजात बी.ए.ला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी मीच पहिला चढलो. लिहिण्याचा सराव नाही, त्यामुळे जे पाहिलं ते जमेल तसं सरळ सांगतो.

कंपनीत निम्मे मराठी होते, निम्मे पंजाबी शीख. माझ्या सेक्शनमध्ये सॅपर दत्ता होता. तो माजलगावकडचा, म्हणजे माझ्याच जिल्ह्यातला. तो डोझर चालवायचा. आणि लान्स नाईक निर्वैर सिंग होता. उंच, सडपातळ, कमी बोलणारा. दोरांचं काम, म्हणजे रेस्क्यू, त्याच्याकडे होतं.

दुपारी ऊन असलं की आम्ही हेलिपॅडवर व्हॉलीबॉल खेळायचो. निर्वैरचा स्मॅश छातीवर आला की दत्ता ओरडायचा, "नाव निर्वैर आन् मारतंय बघ कसं. कोण्या जन्माचं वैर काढायलास बे?"

निर्वैरला एव्हाना आमची मराठी कळत होती. तो शांतपणे म्हणायचा, "नाम रखनेवाले ने मेरा मैच नहीं देखा था."

संध्याकाळी बुखारीभोवती, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीभोवती, मोजे वाळत घालून आम्ही बसायचो. तिथेच त्यानं आम्हाला त्यांच्याकडची नावं समजावून सांगितली. मूल जन्मलं की त्याला गुरुद्वाऱ्यात नेतात. ग्रंथसाहिब उघडतात. जे पान येईल त्यावरच्या शबदाचं, म्हणजे भजनाचं, पहिलं अक्षर घ्यायचं आणि त्या अक्षरावरून नाव ठेवायचं. आई-बापाच्या मनात आधीपासून एखादं नाव असलं तरी अक्षर दुसरं आलं की ते सोडून द्यायचं.

"आमच्यात पत्रिकेवरून अक्षर येतं," मी म्हणालो.

"अक्षर तो दोनों को ऊपर से ही आता है," तो म्हणाला.

मग एकेक नाव उलगडायचं असा आमचा खेळच झाला. गुरप्रीत, म्हणजे गुरूवर प्रेम असलेला. मनदीप, मनातला दिवा. सुखवंत, जगजीत, हरिंदर. पुढचा आणि मागचा शब्द जोडायचा, की नाव तयार. बहुतेक शब्द आपल्याही ओळखीचे. मला याचं फार नवल वाटायचं. दोन हजार किलोमीटरवरची माणसं, आणि त्यांच्या नावातला दिवा आपलाच.

त्याच्या स्वतःच्या नावाचं त्यानं एकदाच सांगितलं. त्यांच्या ग्रंथाच्या अगदी सुरुवातीला देव कसा आहे ते सांगितलंय. त्याला भय नाही, त्याला कोणाशी वैर नाही. त्यातलं हे नाव.

"फौजेत येऊन असलं नाव कसं चालतं?" दत्तानं विचारलं.

"ड्यूटी अलग, वैर अलग," तो म्हणाला आणि मोजे उलटे करायला उठला.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही खिंडीखालच्या वळणावर काम करत होतो. आठच्या सुमारास दत्ताच्या डोझरखालची रस्त्याची कड सुटली. डोझर उतारावरून घसरत गेला आणि खाली एका खडकाला अडकून तिरका थांबला. दत्ता केबिनमध्ये होता. त्याचा पाय लिव्हरखाली अडकला होता.

मी रेडिओ घेतला. "डोझर खाली गेला. ऑपरेटर जिवंत आहे. रेस्क्यू सुरू करतो. ओव्हर."

सुभेदार साहेबांचा आवाज आला. "वरचा उतार कच्चा आहे. एकच माणूस पाठवा. ओव्हर."

मी माणूस निवडायच्या आत निर्वैर हार्नेस, म्हणजे दोराला जोडायचे पट्टे, बांधून तयार होता. तो उतरला. केबिनचं दार पहारीनं उघडलं. पाय मोकळा करायला वेळ लागला. वरून आम्हाला त्याची पगडी दिसत होती आणि दत्ताचं कण्हणं ऐकू येत होतं. दत्ताला दोराला धरून चढता येणार नव्हतं. निर्वैरनं स्वतःचा हार्नेस काढून त्याला बांधला आणि वर हात केला.

"खींचो."

आम्ही सहा जणांनी ओढलं. दत्ता वर आला. हार्नेस सोडवून दोर परत खाली टाकतोय, तोच वरचा उतार सुटला. आवाज फार मोठा नव्हता. बर्फाचा धुरळा बसला तेव्हा डोझर नव्हता, खडकही नव्हता.

मी रेडिओवर म्हणालो, "एक जखमी वर घेतला. एक मिसिंग. ओव्हर."

"नाव सांगा."

"लान्स नाईक निर्वैर सिंग."



त्याचा देह दुसऱ्या दिवशी सापडला. दत्ताचा पाय वाचला. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर तो मला म्हणाला, "दादा, मला पोरगा झाला की त्याचं नाव निर्वैर. लिहून ठेव."

गेल्या वर्षी दत्ताला पहिलं मूल झालं. मुलगी. मी पेढे घेऊन त्याच्या गावी गेलो, तर हा गोठ्यात बसलेला.

"पोरगी झाल्याचं दुःख न्हाई, दादा," तो म्हणाला. "लई गोड हाय. पन डॉक्टरीन म्हनली, आता दुसरं मूल नको, बायकोच्या जिवाला धोका हाय. मग त्याचं नाव ऱ्हाऊनच गेलं की."

बुखारीपाशी इतक्या गप्पा झाल्या, पण ही गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली नव्हती. त्याचाही दोष नाही. आपल्याकडे मुलाचं नाव वेगळं, मुलीचं वेगळं.

"दत्ता, त्यांच्यात एकच नाव दोघांना चालतं. मुलगा असला तर पुढं सिंग, मुलगी असली तर कौर. निर्वैरच्या गल्लीत दोन हरप्रीत होते, एक शेतकरी आणि एक मास्तरीणबाई. त्यानंच सांगितलं होतं."

तो उठून उभा राहिला. "खरं सांगायलास का?"

आम्ही घरात गेलो. दत्ताच्या आई, आम्ही त्यांना काकू म्हणतो, बाळाला मांडीवर घेऊन शेकत होत्या. नाव ऐकून त्यांचा हात थांबला.

"असलं नाव कावून? शाळंत पोरं हसतील. आन् तरणाताठा गेलेला गडी त्यो. लेकराच्या नशिबाला लावून घ्यायचं व्हय?"

"आई, त्यो गेला म्हनून मी हाय," दत्ता म्हणाला.

काकूंनी बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाल्या, "त्याच्या माय-बापाला इचारलं का? शेजारून इरजन आणायचं तरी आपन इचारतो. हे तर त्यांच्या लेकाचं नाव हाय."

हे मला सुचलं नव्हतं. मी तिथूनच पंजाबात फोन लावला. निर्वैरचे वडील, बापूजी, यांच्याशी मी दर बैसाखीला बोलतो. सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. सगळं घर कान देऊन होतं.

"बेटी है?" त्यांनी विचारलं.

"जी, बापूजी."

"नाम हमारा नहीं है, बेटा. गुरु के घर से आया था. जिसको दो, उसका." मग म्हणाले, "एक बात है. घर में सबके छोटे नाम थे. उसका उसके दादा ने कभी छोटा करने नहीं दिया. हो सके तो पूरा बुलाना."

मी काकूंना मराठीत सांगितलं. दत्ताची बहीण सुनीता हसली. "आमच्या आईला? तिनं आजवर एक नाव धड ठेवलंय का? मी सुनी, ह्यो दत्त्या, आमचे मालक इलास."

काकू म्हणाल्या, "गप गं, सुने."

बारसं बाराव्या दिवशी झालं. पत्रिकेतलं नाव पत्रिकेत राहिलं. आत्या म्हणून सुनीतानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. व्हिडिओ कॉलवर बापूजी आणि निर्वैरची आई, बीजी, असे दोघं होते.

मग काकू पाळण्याजवळ आल्या. जोडाक्षर त्यांना जड जात होतं. त्यांनी पाळण्याची दोरी धरली आणि सावकाश, एकेक अक्षर पायाखालचा दगड तपासावा तसं म्हटलं, "निर्वैर."

फोनमधून बीजींचा आवाज आला. "फिर बोलो, बहनजी."

काकूंनी पुन्हा म्हटलं. मग सुनीतानं, मग पाळण्याभोवतीच्या सगळ्या बायकांनी. बापूजी पगडीच्या टोकानं चष्मा पुसत होते. दत्ता दारात सावधान उभा होता. त्याला कोणी हुकूम दिला नव्हता.

त्या पोरीला अजून चालता येत नाही. पण काकू तिला पूर्ण नावानं हाक मारतात, आणि माजलगाव तालुक्यातल्या त्या अंगणात लान्स नाईक निर्वैर सिंग याचं नाव रोज घेतलं जातं.