लियॉनची चौकशी

मुलीला फ्रान्समधल्या दोन शहरांत प्रवेश मिळाला, लियॉन आणि लील. तिचं मन लियॉनवर होतं. तिला लसींवर काम करायचं होतं आणि नेमका तो विषय तिथे होता. लीलला त्याच्या जवळपासचं काहीतरी होतं. नकाशा उघडून तिने मला हे सगळं समजावलं. मी मान हलवत राहिलो, पण डोक्यात एकच प्रश्न होता. तिथे आपलं कोण आहे?

आमच्याकडे पोरगी पुण्याला निघाली तरी बाप आधी हेच विचारतो. शोधत शोधत मी कळमेश्वरच्या एका जुन्या ओळखीच्या गृहस्थांपर्यंत पोहोचलो. त्यांचा मुलगा लियॉनला नोकरीला होता. मी फोन करून सगळं विचारलं. स्वभावाने कसा आहे, एकटाच राहतो का, घर केवढं, पितो-बितो का. मुलीला यातलं काही सांगितलं नाही.

रविवारी ते नवरा-बायको नंदनवन वस्तीत आमच्या दारात उभे. हातात पेढ्यांचा डबा.

"येवढी चौकशी कोणी उगाच करते का गा भाऊ?" सोफ्यावर बसत ते हसले. "पोराले सांगतलं, तर लाजला ना बाप्पा!"

बाईंनी मुलीला जवळ ओढलं. "ये वं माय, बस. तिकडं त्याले जरा भाकर खाऊ घालजो. पाव खाऊन खाऊन वाळला तो."

माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. भाऊ, गैरसमज झाला, पोरगी शिकायला चालली आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. घरी आलेल्या माणसांची भीड पडली, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. परक्या देशात पोरीला कोणी सांभाळेल, पुढची काळजीही परस्पर मिटेल. मी पेढा उचलून तोंडात टाकला. मुलगी माझ्याकडेच पाहत होती.

पाहुणे गेल्यावर तिने कप विसळले आणि समोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही चूप काहून होते, बाबा?"

मी पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी मी कळमेश्वरला फोन करून माफी मागितली. ते दुखावले, पण वाकडं बोलले नाहीत. मग मी तिच्या खोलीत गेलो. "मिटवलं सगळं. तू लियॉनच घे."

लॅपटॉपवरची नजर न काढता ती म्हणाली, "तिथं आता माझं कॉलेज नाही राहिलं, बाबा. तिथं तुमचे पाहुणे राहतात."

तिने लील निवडलं. लसींचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

निघायच्या दिवशी शेजारच्या काकू निरोपाला आल्या. "तिथं आपलं कोणी आहे का वं?"

"कोणीच नाही," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसला. मी तिची बॅग उचलली आणि जिना उतरू लागलो.