अर्धं मेंढीला ठावं

त्या सकाळी माझ्या हातात एक पांढरं झाकण होतं आणि ते चांगलं आहे की खराब, हे मला सांगता येईना.

शिरवळच्या एका कारखान्यात सहा वर्षं मी हेच काम करत होते. औषधाच्या बाटल्यांची झाकणं साच्यातून बाहेर पडायची, ट्रेमधून माझ्यासमोर यायची आणि मी ती पास किंवा नापास करायचे. झाकण उचललं, दिव्याखाली धरलं, कडेवरून अंगठा फिरवला की कळायचं. पहिली पाच वर्षं यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. मग एका लॉटची तक्रार आली. बाटल्या गळत होत्या. कुणाला काही झालं नाही, माल परत आला, मीटिंग झाली, साहेब दोन शब्द बोलले आणि विसरून गेले. मी विसरले नाही. तपासणीच्या कागदावर सही माझी होती.

त्यानंतरचं वर्ष आठवलं की मला स्वतःची कीव येते आणि रागही येतो. प्रत्येक ट्रे मी तीन-तीनदा तपासायचे. जेवणाचा डबा भरलेलाच घरी जायचा. गेटपर्यंत पोचले की सही बरोबर जागी केली ना, हे बघायला परत फिरायचे. कुणी माझ्या कामाला चांगलं म्हटलं तर वाटायचं, याला अजून कळलेलं नाही. कुणी काहीच बोललं नाही तर वाटायचं, याला कळलंय. तुझ्या हातून परत चुकणार आणि या वेळी सगळ्यांना दिसणार, एवढं एकच डोक्यात चालू असायचं. मी मुळातच तिरसट. त्या वर्षी तर शेजारच्या मशीनवरचे काका खोकले तरी माझं डोकं फिरायचं. कॅन्टीनच्या भिंतीवर हसतमुख राहण्याचे फायदे सांगणारं एक पोस्टर होतं. ते फाडावं असं मला रोज वाटायचं, आणि फाडण्याइतकीही ताकद अंगात उरली नव्हती.

आणि मग ती सकाळ. झाकण दिव्याखाली धरलं, अंगठा फिरवला, परत फिरवला, आणि काहीच कळेना. नजरच गेली होती. मी आठ दिवसांची रजा टाकली, राजीनाम्याचा मेल लिहून फोनमध्ये ठेवला आणि रविवारी संध्याकाळी तो पाठवायचा असं ठरवून टाकलं. जिला चांगलं-वाईट दिसत नाही तिनं तपासणीत बसून काय करायचं?

गावी घरी गेले असते तर आईनं प्रश्न विचारून भंडावून सोडलं असतं. म्हणून आत्याकडे गेले. आमची माणसं पिढ्यानपिढ्या मेंढरांमागं फिरलेली. माझ्या वडिलांनी मेंढरं विकून शेती धरली, आत्यानं मात्र ती सोडली नाहीत. ती आणि मामा, म्हणजे तिचे यजमान, दरवर्षी दिवाळीनंतर माणदेशातून कळप घेऊन पाण्याच्या मुलखात उतरतात. त्या वर्षी त्यांचा तळ तासगावच्या अलीकडं, एका बेदाण्याच्या शेडमागच्या मोकळ्या रानात होता. मी बसमधून उतरून चालत गेले. आत्यानं माझ्याकडं एकदा वर-खाली बघितलं.

"लय वाळलीस गं," ती म्हणाली. "बस. ताक पी."

एवढंच. का आलीस, किती दिवस राहणार, काही विचारलं नाही.

संध्याकाळी मामा कळप घेऊन परतले आणि मी जे बघितलं ते आजही डोळ्यांपुढून हलत नाही. दिवसभर कोकरं तळावरच, वाघरीत म्हणजे सुताच्या जाळीच्या कुंपणात होती. पन्नास-साठ तरी असतील. लांबून आयांचा आवाज आला तशी ती सगळी एकदम ओरडायला लागली. तिकडून मेंढ्या ओरडत धावत आल्या. धुळीत काही दिसेना, शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. मोठी कोकरं आपली आपण पळाली. लहानांना ते जमत नव्हतं. ती भलत्याच मेंढीखाली शिरत आणि ढुशी खाऊन बाहेर येत. आत्यानं पदर खोचला, दोन्ही हातांत एकेक कोकरू उचललं आणि त्या गर्दीत शिरली. हे इकडं, ते तिकडं. परत दोन. परत दोन. तिचं तोंड हलत नव्हतं, डोळे तेवढे फिरत होते. मला तर सगळी कोकरं सारखीच दिसत होती, काळी, नाहीतर काळ्यावर पांढरा ठिपका. आणि ही बाई आई आणि लेकरू जुळवत चालली होती.

मग एकेक आवाज कमी होत गेला. ज्या कोकराच्या तोंडात सड गेला ते गप्प, त्याची आई गप्प. थोड्या वेळानं सगळं रान शांत झालं. पन्नास-साठ शेपट्या हलत होत्या आणि दूध ओढल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. माझ्या अंगावर काटा आला. मी आयुष्यात तपासणीचं एवढं मोठं काम कुणाला करताना बघितलं नव्हतं, आणि या बाईला त्याचं काहीच नव्हतं, ती चुलीकडं निघाली होती.

"आत्या, तुला कळतंय कसं?"

"मानसाला तोंड आसतंय, तसं मेंढराला बी आसतंय की."

मला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. रात्रभर वाटत राहिलं, नजर अशी असते, आणि तुझी गेली. आत्या कधीच चुकत नाही, आणि तू चुकलीस.

तिसऱ्या दिवशी मला मदत करायची हुक्की आली. चुकायचं नाही असं ज्याच्या डोक्यात बसलंय तो माणूस काय मदत करणार? तो पद्धत बसवणार. मी विचार केला, प्रत्येक जोडीला नंबर दिला तर आत्याला लक्षात ठेवायला नको. कोकरू पिताना त्याचं डोकं मेंढीखाली जातं, दिसतो तो मागचा भाग. म्हणजे नंबर शेपटीच्या वर हवा. सकाळी कोकरं आयांजवळ पीत उभी असताना मी मेंढीच्या कानात पांढऱ्या मार्करनं आकडा लिहीत गेले आणि कोकराच्या मागच्या बाजूला तोच. शाई नीट बसावी म्हणून आधी जागा पुसायची, हे कारखान्यातलं शिक्षण. पर्समध्ये लिंबाच्या वासाचं सॅनिटायझर होतंच. आठ जोड्या झाल्या आणि मामा कळप घेऊन चरायला निघाले. आपण काहीतरी कामाचं केलं याचं मला त्या दिवशी बरं वाटलं. दुपारी मी पोटभर जेवलेसुद्धा.

संध्याकाळी आत्यानं पहिलं नंबरवालं कोकरू त्याच्या आईकडं सोडलं. मेंढीनं मान वळवून त्याच्या शेपटीपाशी नाक नेलं, हुंगलं, आणि त्याला अशी ढुशी दिली की ते कोलमडलं. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचं तेच. मेंढी लेकराला त्याच जागी हुंगून ओळखते. नेमकी ती जागा मी घासून पुसून लिंबाच्या वासाची करून ठेवली होती.

आठ कोकरं ओरडत हिंडत होती आणि मी मटकन खाली बसले. हे बघ, तू जिथं हात लावशील तिथं वाटोळं. कारखान्यात केलंस, इथंही केलंस. मी रडायला लागले. आत्याला सगळं सांगू लागले, लॉट, सही, मेल, काय काय.

आत्यानं एका मेंढीचा मागचा पाय धरला होता. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"रडायचं आसंल तर रड," ती म्हणाली. "पर ह्यो पाय धर. कोकराला भूक लागलीया."

मी रडत रडत पाय धरला. आत्यानं त्याच मेंढीचं दूध ओंजळीत पिळलं, कोकराच्या पाठीला, शेपटीला चोळलं, थोडं मेंढीच्या नाकाला लावलं आणि कोकरू सडाशी धरलं. मेंढीनं पाय झाडला, परत हुंगलं, परत झाडला. मग उभी राहिली. पुढची मेंढी. पुढची. सात झाल्या तोवर माझं रडणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. हात दुधानं चिकट झाले होते आणि डोक्यात काही चालू नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदा.

आठवी ऐकेना. पहिलटकरीण होती. आम्ही तिला धरून कोकरू पाजलं, पण सोडली की ढुशी. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. संध्याकाळी तेच.

"न्हाईच घेतलं तर?" मी विचारलं.

"तर धरून पाजायचं. कट्टाळली की घील."

त्या दिवसापासून मी आत्याच्या मागेमागे राहिले, हातात कोकरं देत. आणि अगदी जवळून बघितल्यावर पहिल्यांदा एक गोष्ट दिसली. आत्यानं एक कोकरू एका मेंढीला लावलं. मेंढीनं हुंगून ढुशी मारली. आत्या "हिचं न्हवं व्हय?" म्हणाली, कोकरू उचललं आणि पलीकडच्या मेंढीला लावलं. ते प्यायला लागलं. पाच मिनिटांनी परत तसंच झालं. मग परत.

मी थक्क झाले. पहिल्या संध्याकाळी तिला एकदाही चुकताना मी पाहिलं नव्हतं. ती चुकत होतीच. चूक तिच्या हातात क्षणभरही थांबत नव्हती, म्हणून मला दिसली नव्हती.

"आत्या, तू चुकतीस?"

"रोजच की."

"मग तुला काईच वाटत न्हाई?"

"काय वाटायचं? मेंढी सांगती की." तिनं पुढची दोन कोकरं उचलली. "समदं मी एकटीनं कशाला वळखायचं गं? आर्धं मला ठावं, आर्धं मेंढीला ठावं."

मी तिथंच धुळीत उभी राहिले. इतकं साधं होतं आणि मला तेहेतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

रविवारी संध्याकाळी आत्यानं सगळी लहान कोकरं माझ्यावर सोपवली आणि आपण दगडावर बसून राहिली. मी बारा-तेरा वेळा तरी चुकले. मेंढ्यांनी सांगितलं. एकीनं तर माझ्याच गुडघ्याला ढुशी देऊन सांगितलं, आणि मामा लांबून हसले. मी म्हणायचे, हिचं नव्हे, आणि पुढं जायचे. शेवटी आठवं कोकरू राहिलं. त्याच्या आईचा पाय धरायला मी वाकले, तर तिनंच मान वळवून बारीक आवाज काढला. लेकराला बोलवायचा तो आवाज. कोकरू माझ्या हातातून निसटून तिच्याखाली गेलं. रान शांत झालं. मी आत्याशेजारी दगडावर बसून ती शांतता ऐकली, आणि मेलची आठवण झाली तेव्हा फोन चार्जिंगला बेदाण्याच्या शेडमध्ये ठेवलेला होता. आणायला उठले नाही.

रात्रीच्या बसनं निघाले आणि सोमवारी शिरवळला ट्रे समोर आला. पहिली काही झाकणं हातात बरोबर बोलली. मग एक असं आलं की अंगठा अडखळला. खराब म्हणावं तर नाही, चांगलं म्हणावं तर नाही. जुनी टेप सुरू झाली. मी उठले आणि शेजारच्या मशीनवरच्या काकांकडं गेले, ज्यांच्या खोकल्यावर मी वर्षभर चिडत होते.

"काका, हे तुम्हाला कसं वाटतं?"

त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग झाकणाकडं. बोटात फिरवलं.

"साच्याची एक कड झिजलीया, म्याडम. धा दिस झालं मी बघतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या तोंडाकडं बघून कोन बोलंल?" ते झाकण परत देत म्हणाले. "गेल्या वर्साचा त्यो लॉट, त्यो बी मला खटकला हुता. तुमी इचारलं न्हाई. मी बोललो न्हाई. मलाबी वाईट वाटतंय त्याचं."

आधी मला भयंकर राग आला, त्यांचा आणि माझा. एक अख्खं वर्ष मी ती सही एकटीनं उचलून हिंडत होते, आणि दहा पावलांवर हा माणूस त्याचं अर्धं ओझं घेऊन गप्प उभा होता. मग राग कुठं गेला कळलं नाही. डोळे भरून आले, ते पुसले.

"साचा बंद करा," मी म्हणाले. "आणि तुमचं स्टूल इकडं घ्या."

त्यांनी स्टूल ओढलं आणि तो ट्रे आम्ही दोघांनी मिळून बघितला.