ऐकू येत नसल्याची नोटीस

स्वातंत्र्य मिळाल्याच्या पुढच्या वर्षी मला मुंबईच्या विमानतळावर बिनतारी खात्यात उमेदवारी मिळाली. सुट्टीला कर्जतला येताना मी जुन्या नोटिसांची चळत घेऊन यायचो. जमिनीवरचं कुठलं यंत्र बंद आहे, हे वैमानिकांना कळवणाऱ्या त्या नोटिसा. भाषा अशी कंजूष, की लिहिणाऱ्याला अक्षरागणिक जकात पडत असावी. ‘टीएक्स’ म्हणजे बिनतारी स्टेशनचं बोलण्याचं यंत्र, ‘आरएक्स’ म्हणजे ऐकण्याचं, आणि पुढे ‘यू/एस’ आलं की ते नादुरुस्त. मी आपली घोकंपट्टी करायचो.

परीक्षा घ्यायचे आबा, माझे वडील. घाटाखालच्या एका लहान रेल्वे स्टेशनात ते तारमास्तर होते. पेन्शनला दीड वर्ष उरलं होतं. ओटीवर सुपारी कातरत ते विचारायचे, “पाठ झालं, बरं. पन त्या वैमानिकानं करायचं काय, ते सांग.” मी पुन्हा नोटिसा चाळायला लागायचो. ती ओटी, तो अडकित्ता आठवला की अजून जीव हळवा होतो.

एका रविवारी गंमत म्हणून त्यांच्या पाठीमागे बसून मी चमच्याने तांब्यावर तारेची अक्षरं वाजवली. समोर बसून वाजवली की ते झटकन ओळखायचे. त्या दिवशी त्यांनी मानही वळवली नाही. म्हणजे आजवर ते माझा हात बघून ओळखत होते. घाट चढणाऱ्या गाड्यांचे निरोप याच कानांच्या भरवशावर होते.

तोंडावर सांगायचा धीर होईना. मी समोर जाऊन एक नोटीस त्यांच्या हातात दिली. मुद्दाम तीच निवडली, हे कबूल करतो. ‘आरएक्स यू/एस.’ स्टेशन बोलेल, पण त्याला ऐकू येणार नाही.

त्यांनी ती दोनदा वाचली. “आसली नोटीस काडतं कोन?”

“ज्याचं यंत्र बिघडलं ते स्टेशनच, आबा.”

“आन नाय काडली तर?”

मी उरलेल्या नोटिसांची चळत नीट लावू लागलो. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते दुपारीच घरी आले. कान गेले आहेत, तारेच्या कामावरून कमी करावे, असा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून स्टेशनमास्तरांना दिला होता. पेन्शनचं काय होणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाजही वाटली. चुलीपाशी बसलेली आई हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

“आता मोठ्यानं बोल गं,” ते म्हणाले. “लपवायचं कायबी ऱ्हायलं नाय.”