शुद्ध शाकाहारी मासे

लग्न होऊन डहाणूला आले, तेव्हाच सासऱ्यांनी मला बजावलं, या घरात सुक्या बोंबलाचा वास येता कामा नये. पुढे त्यांनीच खाऱ्या पाण्याचा फिश टँक आणला. "शेवाळ खातात, शुद्ध शाकाहारी आहेत," असं येईल त्याला सांगायचे. समुद्र हाकेवर, तरी वाळवलेलं शेवाळ यायचं कुरिअरने. रोज सकाळी त्याचा तुकडा चिमट्याने काचेला अडकवायचं काम माझं. माझ्या हातांना दिवसभर बोंबलासारखाच वास यायचा, तो मात्र कुणाला खटकला नाही. एकदा टँकमधला एक मासा मेला आणि बाकीचे पाहुण्यांदेखत त्याचे लचके तोडू लागले. सासरे पाहुण्यांना म्हणाले, "हिनेच उपाशी ठेवलं असणार त्यांना."