भामाबाईच्या डब्यातला पिंपळ

गावातली सहकारी दूध संस्था दुष्काळानं बंद पडली आणि तिच्या भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप उगवलं. संस्थेनं दिलेला शेवटचा लाभांश, असं लोक म्हणत. तो उपटून नेला भामाबाईनं, आणि ती तर सभासदही नव्हती.

शिरूर कासार तालुक्यातलं ते गाव. वस्तीच्या टोकाला भामाबाईचं पत्र्याचं घर, दुपारी असं तापायचं की आत जनावरसुद्धा थांबू नये. दारात सावली हवी, आणि लावायचंच तर बोधिवृक्ष लावायचा, हे तिनं कुणाला न विचारता ठरवलं. पण अंगणात वीतभर खाली खडक. म्हणून रोप तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात बसलं.

शेजारच्या रुक्मिणीबाईला राहवलं नाही. "भामे, दारात पिंपळ नसावा गं. मुंजा येऊन बसतो."

"बसू द्या की. आमी सहा महिने गावात नसतो. घराला राखण झाली."

ते सहा महिने ऊसतोडीचे. दोन हजार बाराच्या दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा गावात माणसांनाच प्यायला नव्हतं, डब्याला कोण घालणार? भामाबाई डबा घेऊनच ट्रॉलीपाशी आली. मुकादम सर्जेराव म्हणाला, "एक कोयता म्हंजी नवरा-बायको. हे तिसरं कोण?"

"लेकरू समजा. खायला मागत न्हाई, रडत न्हाई. दुसऱ्यांच्यापेक्षा बरंच हाय."

कारखाना पश्चिमेकडचा, कालव्याच्या मुलखातला. उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे राहायची झोपडी, उभी राहिली आणि तिच्या कुडाला डबा टेकला. भांड्यांचं खरकटं पाणी रोज त्याच्यात. गावाकडं पानं मोजून ठेवणारं झाड संक्रांतीपर्यंत भामाबाईच्या खांद्याला लागलं. गावात ती आठवड्याला डबा उचलून जागा बदलायची, मूळ खाली उतरू नये म्हणून. इथं पहाटेपासून तोडणी, संध्याकाळी मोळ्या वाहून गाडी भरणं. पाठ जाग्यावर राहीना, तिथं डबा हलवायची आठवण कोणाला?

मार्चमध्ये पट्टा पडला, तोडणीचा हंगाम संपला. कोप्या मोडल्या, ट्रॉली भरली. भामाबाईनं डबा उचलायला हात घातला, तर तो हलेना. गंजलेला तळ फोडून अंगठ्याएवढं मूळ काळ्या मातीत उतरलं होतं.

सर्जेरावानं हॉर्न वाजवला. तिचा नवरा शहादेव डब्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "राहू दे इथंच. पाणी हाय, माती हाय. तिकडं नेऊन वाळवून मारायचं?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तेच तिला झोंबलं. इथं झाड जगणार होतं, पण पुढच्या साली टोळी कुठल्या कारखान्याला जाईल ते मुकादमालाही ठाऊक नव्हतं.

"आन् सावलीला कोण बसंल? कारखान्याचा चेअरमन?" ती म्हणाली. "तोडा मूळ. मेलं तर माझ्या दारात मरंल."

शहादेवनं डबा कलता केला, वाकला आणि एका घावात मूळ तोडलं. इथवर ठीक. पण त्या हाताला पाच महिने दोनच कामं होती: उसाला बुडात एक घाव आणि लगेच शेंड्याला एक. हातानं शहादेवला विचारलंच नाही. दुसरा घाव बसला, आणि पानांसकट शेंडा वाढ्यांच्या, उसाच्या तोडलेल्या शेंड्यांच्या, ढिगाकडं भिरकावूनही झाला. डब्यात कमरेएवढी काठी उरली.

ट्रॉलीवरून टोळीतला बंकट म्हणाला, "आता मोळी बांध की लेका."

शहादेव कोयत्याकडं तो परक्याचा असल्यासारखा बघत राहिला. भामाबाईनं काठीचा डबा मांडीवर घेतला आणि नगर मागं पडेपर्यंत नवऱ्याकडं पाठ करून बसली.

गावात टँकर आठ दिवसांतून एकदा. ती रोज संध्याकाळी एक तांब्या काठीला घालायची. रुक्मिणीबाई ओसरीवरून विचारायची, "खुंटीला पाणी घालतीस व्हय गं?" त्यावर भामाबाई तांब्यातला शेवटचा थेंबही काठीवर झटकायची.

वैशाखात कापल्या जागेखाली दोन तांबूस पानं फुटली.

मग शहादेवला कंठ फुटला. पारावर बसून तो सांगू लागला, "मूळ तोडलं की शेंडा ठिवायचा नसतो. उरल्या मुळाला तेवढी पानं पोसवत न्हाईत. लई इचार करून मारलता मी दुसरा घाव." गंमत म्हणजे हे शास्त्र अगदी खरं होतं. फक्त त्याला ते दोन महिने उशिरा सुचलं होतं.

बंकटनं एकदा पारासमोरून जाणाऱ्या भामाबाईलाच गाठलं. "वयनी, खरं हाय का हे?"

घाव घातला त्या दिवशीचा नवऱ्याचा चेहरा तिला नीट आठवत होता. तिनं डोईवरची भरली घागर उतरवली आणि शहादेवच्या पुढ्यात ठेवली.

"खरं हाय. झाडातलं मला काय कळतं? तवा हितून पुढं त्याचं पाणी बी तेच बघतील."

चार माणसांत जाणकार ठरलेल्या माणसाला नाही म्हणता येईना. शहादेव उठला आणि घागर घेऊन घराकडं निघाला.