उसनी हनुवटी

माझ्या आत्याचं उभं आयुष्य लोकांचे फाटके फोटो नवे करण्यात गेलं. तिची एक पद्धत होती. चेहऱ्याचा जो भाग गेलाय तो कसा होता हे कळेना, की त्या माणसाच्या पोटच्या पोराला स्टुलावर बसवायचं आणि त्याच्यावरून तेवढा भाग उतरवायचा.

दुकानाच्या पाटीवर आतोबांनी, इंग्रजीचे मास्तर ना ते, ‘रिप्रोडक्शन’ लिहिलं होतं. कोणी फिदीफिदी हसलं की त्यांची शिकवणी सुरू. ‘प्रोडक्शन’ मूळ लॅटिन, ‘पुढे आणणं’. आधी ‘रि’ लागलं की ‘पुन्हा पुढे आणणं’. नक्कल काढणं, पोरं होणं, हे अर्थ नंतर चिकटले. मूल न झालेली आत्या म्हणायची, “मला त्यातलं एकच जमलं,” आणि ब्रश बुडवायची.

एकदा तिशीतला एक मुलगा वडिलांचा एकुलता एक फोटो घेऊन आला. ओठांखालचं सगळं ओलीने खाल्लेलं. आईला न सांगता करायचं होतं. आत्याने त्याला स्टुलावर बसवलं.

फोटो न्यायला तो आईला घेऊनच आला. “बघ, बाबांची हनुवटी अगदी माझी.” बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पोराला पाण्याची बाटली आणायला पिटाळलं आणि हळूच म्हणाल्या, “हा आमच्या पोटचा नाही. तान्हा असताना आणलाय. त्याला माहीत नाही.”

आत्याने माझ्याकडे ब्रश मागितला. “पुसते मी. तुम्ही सांगा, तशी काढते.”

“आणि त्याला काय सांगू?”

तेवढ्यात मुलगा आला. “काय गं, आवडला नाही?”

“अगदी तेच आहेत रे,” बाई म्हणाल्या आणि फोटो छातीशी धरून निघून गेल्या.

आठवड्याने त्या एकट्याच आल्या. पाकिटात लपेल एवढा दुसरा फोटो हवा होता, खऱ्या हनुवटीचा. आत्याने पेन्सिल घेतली. बाई स्टुलावर बसल्या, डोळे मिटले. मग डोळे उघडून भेदरल्यासारख्या माझ्याकडे, आत्याकडे बघत राहिल्या.

“अहो, मला आठवतच नाहीये,” त्या म्हणाल्या. “डोळे मिटले की पोराचीच दिसते.”