झाकणावरचा शेंदूर

पुंजाराम म्हणून त्याला आता कुणी ओळखत नाही. ऊसतोडीच्या कुठल्याही टोळीत ‘शेंदऱ्या’ म्हणा, लगेच बोट दाखवतील. हे नाव त्याला एकाहत्तर सालच्या हंगामात मिळालं, आणि मिळालं ते माझ्या डोळ्यांदेखत.

माणूस पाथर्डीकडचा. आई-बापाच्या मागं उसाच्या फडात वाढला, लग्न झाल्यावर बायकोला, झुंबरबाईला घेऊन तेच करू लागला. श्रीरामपूरजवळच्या आमच्या गावात टोळी आली असताना तो काकासाहेबांच्या ट्रॅक्टरवर चढला आणि बघता बघता चालवायला शिकला. काकासाहेबांनी त्याला ठेवून घेतलं, खाकी शर्ट शिवून दिला आणि गोठ्यामागं एक खोली दिली. त्याच्या घराण्यात कोयता सुटलेला हा पहिलाच. रोज सकाळी शर्टाची घडी मोडताना त्याचा चेहरा असा व्हायचा की मला हसू यायचं. झुंबरबाई मात्र हसायची नाही. फडात पुन्हा जायचं नाही, एवढंच तिला देवाकडं मागायचं होतं.

काकासाहेब म्हणजे माझे मावसभाऊ. कालव्याचं पाणी, ऊस आणि त्यातून आलेला माज, तिन्ही भरपूर. नगरच्या कॅम्पातला एक लष्करी साहेब बदलून जाताना त्याची लाल विलायती गाडी त्यांनी घेतली. वर छप्पर नाही, सीटा दोनच, पुढं लांबलचक बॉनेट आणि त्याखाली एक सोडून दोन कार्बोरेटर. त्या गाडीत कडब्याची पेंढी मावत नव्हती की घरची माणसं. ती फक्त जोरात पळायची, आणि काकासाहेबांना तेवढंच हवं होतं. चालवायचे ते स्वतः. धुवायची, पुसायची आणि गावात हळूहळू फिरवून आणायची ती पुंजारामनं.

खंडेनवमीला पुंजारामनं गाडीची पूजा केली. चाकांना, स्टिअरिंगला हळद-कुंकू लावलं, बॉनेटवर झेंडूचा हार घातला. मग तेलात कालवलेला दाट शेंदूर घेऊन पेट्रोलच्या टाकीचं झाकण थापून काढलं. गाडी खाते तिथून, म्हणजे तेच तिचं तोंड, असा त्याचा हिशेब. काकासाहेबांच्या आई आक्काबाई कौतुकानं बघत होत्या. “द्येवाचा शेंदूर हाय, कुनी पुसू नका रं,” त्या म्हणाल्या. कुणी पुसला नाही.

दिवाळी झाली आणि गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. गावात, बैलगाड्यांच्या मागून शहाण्यासारखी चालायची. राहुरीच्या पुढच्या सरळ रस्त्यावर काकासाहेबांनी पाय दाबला की थोडं अंतर झक्कास पळायची, मग आचके देत मंदावायची आणि शेवटी बंद पडायची. नगरच्या मिस्त्रीनं प्लग बदलले, पॉइंट घासले, पंप उघडला, दोन्ही कार्बोरेटरचे जेट फुंकून साफ केले. गॅरेजात उभ्या उभ्या गाडी डरकाळ्या फोडायची. परत रस्त्यावर आली की तेच.

ती बंद पडली की काकासाहेब शिव्या देत आधी टाकीचं झाकण उघडायचे, आत काठी घालून पेट्रोल किती आहे ते बघायचे आणि वास घ्यायचे. त्यानंतर गाडी पुन्हा नीट पळायची. यातून त्यांनी अर्थ काढला तो असा: पेट्रोलात रॉकेल आहे, ते खाली बसतं, काठीनं ढवळलं की मिसळतं आणि गाडी चालते. रॉकेल कुठून आलं? पुंजाराम पेट्रोल विकतो आणि रॉकेल ओततो! शिवाय तो चालवतो तेव्हा गाडी कधीच बंद पडत नाही. झालं, चोर सापडला.

एका सकाळी त्यांनी गाडी मारुतीच्या पारासमोर आणून उभी केली. गाव जमलं. टाकीत रबरी नळी घातली आणि तिचं टोक पुंजारामच्या हातात दिलं.

“वढ तोंडानं.”

त्यानं ओढलं. तोंड पेट्रोलनं भरलं.

“रॉकेल हाय का न्हाई?”

त्यानं मान हलवून नाही म्हटलं.

“न्हाई ना? मंग गीळ.”

त्यानं गिळलं आणि तिथंच पाराच्या कडेला ओकला. लोक हसले. आमचं गाव असल्या वेळी फार आनंदी असतं, मेलं! मग काकासाहेब म्हणाले, “शर्ट माझा हाय. काढ.” उघड्या अंगानं तो घरी गेला, आणि दुपारपर्यंत खोली रिकामी झाली होती.

पुंजाराम गेला तरी गाडी बंद पडतच राहिली. मी एकदा म्हणालो, “अहो, मग तो चोर नव्हता.” काकासाहेब म्हणाले, “हुता का न्हवता, आता काय करायचंय?”

पौषात त्यांच्याच उसाला तोड आली. आम्ही दोघं जोरात येत होतो आणि गाडी नेमकी फडाच्या बांधाला येऊन मेली. टोळीत पुंजाराम होता, फाटक्या बनियनवर, हातात कोयता. झुंबरबाई त्याच्यामागं मोळ्या बांधत होती.

“ए पुंज्या, हिकडं ये,” काकासाहेब ओरडले. “तुझं पाप आजून टाकीत हाय. उघड झाकन आन् घाल तोंड!”

टोळी थांबून बघू लागली. पुंजारामनं झाकण फिरवलं. फुस्स करून टाकीनं हवा आत ओढली. तो थबकला. झाकण उलटंपालटं करून बघितलं, तोंडाला लावून फुंकलं. मग बांधावरच्या बाभळीचा काटा मोडला आणि झाकणाच्या मधोमध टोकरलं. वाळलेल्या शेंदराच्या खपल्या पडल्या आणि एक बारीक भोक दिसलं. टाकीतलं पेट्रोल जाईल तसतशी बाहेरची हवा आत यायला ठेवलेलं. ते बुजल्यावर हळू चालताना कशीबशी हवा मिळायची, पळताना पेट्रोलच वर चढेना. प्रत्येक वेळी झाकण उघडून रोग बरा करायचे ते खुद्द काकासाहेब!

पुंजारामनं झाकण परत घट्ट बसवलं. “मालक, गाडी आता पळंल. पन ह्या समद्यांम्होरं येकदा म्हना, म्या चोरी केली न्हाई.”

“भोकात काय हुतं?”

“शेंदूर.”

“कुनी लावला हुता?”

आक्काबाईंचं नाव घेतलं असतं तर कोण बघायला आलं होतं? मला वाटत होतं, गप्प बस, बाबा, नुसतं गप्प बस.

“म्या,” तो म्हणाला.

काकासाहेब इतके हसले की त्यांना गाडीला टेकावं लागलं. “आरं, म्हंजी तू चोर न्हवतास, येडा हुतास! चोर येक वेळ ठिवला आसता मी, त्याला आक्कल तरी आसती. तुला काढला ते बेस केलं.” त्यांनी गाडी सुरू केली आणि मला तिथंच सोडून ती पळवून बघायला निघून गेले. लांबपर्यंत आवाज येत होता. एकदाही अडली नाही.

टोळीला हसू आवरेना. कुणीतरी ‘शेंदऱ्या’ म्हणालं आणि ते तिथंच चिकटलं.

झुंबरबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. “खरं सांगितलं कशापायी?” ती म्हणाली.

“चोर न्हाई म्हनला न्हवं त्यो?” पुंजारामनं तिला विचारलं. “तू ऐकलंस न्हवं? समद्यांनी ऐकलं न्हवं?”

“ऐकलं,” ती म्हणाली आणि मोळी बांधायला खाली वाकली.